वेप ओढणाऱ्या आईबाबांनो, नियमांना शिव्या घालायच्या आधी हे वाचा



पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. काहींना राग येईल, येऊ दे. मी सीए आहे, समोरच्याला न आवडणारं बोलण्याचेच पैसे मला मिळतात. आज फुकट बोलतेय.

ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल वेपची विक्री बंद केली, तेव्हा आपल्या ओळखीच्या ग्रुपांवर काय धुरळा उडाला होता ते तुम्हाला आठवत असेल. "आता मोठ्या माणसांनी काय ओढायचं तेही सरकार ठरवणार का?" "बंदीने काय होतं, काळा बाजार वाढतो." "सिगारेट चालते आणि वेप नाही, वा!" लिहिणारे कोण? तुमच्याआमच्यातलेच. इंजिनिअर, बँकेतले, दोन-तीन आयाही. आणि सगळ्यात तावातावाने लिहिणारा होता माझा नवरा.

म्हणून आधी घरचंच सांगते.

नवऱ्याने पंधरा वर्षं सिगारेट ओढली. चार वर्षांपूर्वी वेपवर आला आणि सिगारेट खरोखर सुटली. मला आनंदच झाला. कपड्यांचा वास गेला, सकाळचा खोकला गेला. सासूबाईंना फोनवर मीच सांगितलं, "आता ओढत नाहीत हो, नुसती वाफ असते ती." घरखर्चाच्या एक्सेल शीटमध्ये मी त्याचा खर्च 'किरकोळ' या सदरात टाकायचे. दुसऱ्याच्या हिशेबात 'किरकोळ' हे सदर फुगलेलं दिसलं की मी पहिली पेन्सिल तिथेच टेकवते. स्वतःच्या घरी चार वर्षं टेकवली नाही.

मागच्या वर्षी शाळेतून फोन आला. मुलगा पंधराचा. त्याच्या दप्तरात स्ट्रॉबेरीच्या वासाचा डिस्पोजेबल सापडला. मला वाटलं मित्राने दिला असेल, ऑनलाइन मागवला असेल. तसं काही नव्हतं. आमच्याच घरातला होता. बाबा दहा-दहा एकदम मागवतात, स्वस्त पडतात म्हणून. खणातला एक कमी झाला तर कोणाला कळणार?

घरी आल्यावर मी ओरडले, रडले, सगळं केलं. तो शांतपणे म्हणाला, "आई, तूच आजीला सांगितलंस ना, नुसती वाफ असते म्हणून?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही ते वाक्य आठवलं की पोटात कालवतं.

आता मुद्द्यावर येते. जगभर या वस्तूंचे नियम घट्ट होताहेत, इथेही होऊ शकतात. तेव्हा वेप ओढणाऱ्या आईबाबांनी काय करायचं, हा प्रश्न आहे. तुमचे नेहमीचे चार मुद्दे मी एकेक करून तपासते, ऑडिटला तपासते तसे. जिथे तुमचं बरोबर आहे तिथे बरोबर म्हणेन.

मुद्दा पहिला : "सिगारेटपेक्षा बरं."

मान्य. तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडचा मारा होत नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला होता. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी वेपचे संच देण्याची योजना जाहीर केली. पण लक्षात घ्या, वेपकडे इतक्या मायेने बघणाऱ्या त्याच देशाने डिस्पोजेबल बंद केले. कारण हिशेबात तुलनेचा पाया महत्त्वाचा असतो. माझ्या नवऱ्याचा पाया होता रोजच्या बारा सिगारेट. त्याच्यासाठी वेप म्हणजे घट. माझ्या मुलाचा पाया शून्य आहे. त्याच्यासाठी तीच वस्तू म्हणजे निव्वळ वाढ. निकोटिन ते निकोटिनच, आणि पंधराव्या वर्षी मेंदूची घडण अजून चालू असते. "सिगारेटपेक्षा बरं" हे वाक्य फक्त सिगारेट ओढणाऱ्याला लागू आहे. ते मुलांसमोर मोठ्याने म्हणायचं वाक्य नाही.

मुद्दा दुसरा : "बंदी घातली की काळा बाजार होतो."

हेही बरोबर. आपण महाराष्ट्रातली माणसं, आपल्याला हे कोणी शिकवायला नको. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. गावाकडे गेलात की टपरीवर बघा काय मिळतं ते. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळं बंद केलं, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी शहरांतून मिळायचं ते मिळतंच.

पण गंमत बघा. त्याच २०१९ मध्ये इथे अमिरातीत उलट झालं. आधी इथे विक्रीला बंदी होती. ती उठवून एप्रिल २०१९ पासून ठरलेल्या मानकात बसणाऱ्या वस्तूंच्या विक्रीला परवानगी दिली, आणि १ डिसेंबर २०१९ पासून शंभर टक्के अबकारी कर लावला. म्हणजे तुम्ही जे मागत होता, बंदी नको, नियम करा, ते या देशाने केलं. मग नियमांवर पुन्हा रडायचं कशाला? बंदीविरुद्धचा युक्तिवाद हा नियमांच्या बाजूचा युक्तिवाद असतो. तो प्रत्येक नियमाच्या विरोधात वापरायचा असेल, तर सरळ सांगा की मला काहीच नको आहे.

मुद्दा तिसरा : "आधीच शंभर टक्के कर, अजून किती पिळणार?"

हा माझा विषय. शंभर टक्के म्हणजे काय ते ढोबळमानाने बघू. दुकानात ५२.५० दिरहमला मिळणाऱ्या वस्तूत २.५० व्हॅट. उरलेल्या ५० मध्ये २५ अबकारी कर. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे सरकारकडे. तुमचं दुखणं मला कळतं. सिगारेटला शंभर टक्के आणि वेपलाही शंभर टक्के, मग सिगारेट सोडणाऱ्याला फायदा काय? रास्त प्रश्न आहे. त्याहून रास्त प्रश्न मी विचारते. हा कर निकोटिन असलेल्या आणि नसलेल्या द्रावणाला सारखाच आहे. मग कमी निकोटिनकडे वळायचं कारण काय उरतं? साखरेच्या पेयांवरचा कर इथे जानेवारी २०२६ पासून साखरेच्या प्रमाणावर बेतला आहे. तसंच निकोटिनचं करा, कमी निकोटिनला कमी कर, अशी मागणी वेपवाल्यांनी करायला हवी. तिला मी सही देईन.

पण ही मागणी करायला तोंड पाहिजे ना! आपल्यातले कितीजण पावती घेऊन विकत घेतात? व्हॉट्सॲपवर नंबर फिरतो, माणूस बिल्डिंगखाली येतो, ५० चा माल २० ला देतो. २० ला कसा परवडतो त्याला? कारण कर भरलेला नाही. आणि जो माल कराच्या वहीत नाही, तो तपासणीच्या वहीतही नाही. इथल्या मानकात निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. तुमच्या खणातला डबा उलटा करून बघा. आमच्या खणातल्यावर ५० लिहिलं होतं. नवऱ्याने चार वर्षांत एकदाही उलटा करून बघितला नव्हता.

अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुप्फुसांच्या आजाराने २,८०७ लोक दवाखान्यात गेले, त्यातले ६८ गेले. बहुतेकांच्या मागे गांजातला टीएचसी घातलेलं, अनधिकृत मार्गाने मिळवलेलं द्रावण होतं, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं. तुमचं तसं नसेल. पण पावती नसेल तर काय आहे आणि काय नाही, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार?

मुद्दा चौथा : "फ्लेवर काढले तर लोक परत सिगारेटकडे जातील."

हा मुद्दा मी झटकणार नाही. नवरा सांगतो, तंबाखूचीच चव असती तर एका आठवड्यात तो पुन्हा सिगारेटवर गेला असता. माझा विश्वास आहे त्याच्यावर. पण चव वेगळी आणि सजावट वेगळी. चाळिशीतल्या माणसाला आंब्याची चव हवी असेल तर साध्या पांढऱ्या डब्यात, आंबा एवढंच लिहून द्या. त्याला गुलाबी-निळा चकाकणारा डबा, गोळ्या-चॉकलेटसारखं नाव, हायलायटर पेनसारखा आकार कशाला लागतो? ही सजावट माझ्या नवऱ्यासाठी नाही. ती कोणासाठी आहे हे अमेरिकेला कळलं, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या सर्जन जनरलना शाळकरी मुलांमधल्या वेपिंगला साथ म्हणावं लागलं. सजावटीवर नियम आले तर वेप ओढणाऱ्या मोठ्यांचं काय बिघडतं? काहीही नाही. मग त्याला पहिला पाठिंबा तुमचा यायला हवा.

खरा मुद्दा पाचवा आहे, आणि तो कुणी लिहीत नाही. आपल्याला नियम दुसऱ्यांसाठी हवे असतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बिल्डिंगमधल्या कुठल्या तरी मुलाकडे वेप सापडला की आपणच म्हणतो, "काय संस्कार आहेत बघा." आणि आपला डबा कपाटात असतो. झाकली मूठ. इथे अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं हा गुन्हा आहे, बारा वर्षांखालचं मूल गाडीत असताना सिगारेट ओढायलाही बंदी आहे. दुकानदाराने ओळखपत्र बघितलं नाही तर आपण तक्रार करू. आमच्या घरातल्या खणाने कोणाचं ओळखपत्र बघितलं होतं?

आणि दिवाळीत गावी जाताना? भारतात आयात बंद आहे हे ठाऊक असून नवरा दरवेळी पाउचमध्ये दोन-तीन घेऊन जायचा. "कोण बघतंय?" म्हणायचा. मुलगा शेजारीच उभा असायचा. तो बघत होता. कायदा म्हणजे पकडलं गेलं तरच पाळायची गोष्ट, हे त्याला मित्रांनी शिकवलं नाही. आम्ही विमानतळाच्या रांगेत उभं राहून शिकवलं.

तर वेप ओढणाऱ्या आईबाबांनो, नवा नियम येतोय असं ऐकलं की लगेच शिव्या घालू नका. पुढच्या गोष्टी करा.

एक. पावतीशिवाय घेऊ नका. डबा उलटा करा, आकडा वाचा. ५० असेल तर फेकून द्या, आणि ज्याने दिला त्याचा नंबर डिलीट करा.

दोन. साठा करू नका. लागेल तेवढंच घ्या, कुलपात ठेवा, मोजून ठेवा. घरातली औषधं आपण उंचावर ठेवतो, मग हे टीव्हीखालच्या खणात का?

तीन. मुलांना खरं सांगा. "नुसती वाफ" म्हणू नका. "मला सिगारेटचं व्यसन होतं, ते सोडायला हे घेतलं, आता याचं व्यसन आहे, आणि तेही मला सोडायचंय," एवढं म्हणा. चार वाक्यं आहेत. माझ्या नवऱ्याला ती म्हणायला तीन आठवडे लागले.

चार. सूचना मागवल्या जातील तिथे सूचना द्या. साधं वेष्टन हवं, वयाची कडक तपासणी हवी, विनापावती विकणाऱ्यावर कारवाई हवी, निकोटिनच्या प्रमाणात कर हवा. मोठ्यांसाठी चव राहू द्या, हेही लिहा. वेप ओढणाऱ्याने स्वतः असं लिहिलं तर त्याला वजन असतं. नुसतं "आमचं स्वातंत्र्य" लिहिलं तर विकणाऱ्या कंपन्यांचंच काम तुम्ही फुकट करता. सिगारेट कंपनी आल्ट्रियाने डिसेंबर २०१८ मध्ये जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. तुमच्या स्वातंत्र्यासाठी घेतला असं मला तरी वाटत नाही.

पाच. सोडायची तारीख ठरवा. वेप हा सिगारेट सोडण्याचा पूल असेल, तर पुलावर चार वर्षं संसार मांडत नाहीत.

माझ्या घरचं आजचं सांगते. नवरा अजून पूर्ण सुटलेला नाही. २० वरून १० वर आलाय, महिन्याला एकच, तोही पावतीचा. पावती मी फ्रिजवर लावते. मुलगा येता-जाता बघतो. एक्सेलमध्ये आता 'किरकोळ' नाही, 'वेप' असंच सदर आहे आणि समोर आकडा. दोघं मिळून तो शून्यावर कधी येतो याची वाट बघताहेत. मुलाने स्वतःहून पुन्हा हात लावलेला नाही, असं तो म्हणतो. मी विश्वास ठेवते आणि खणही तपासते. दोन्ही करावं लागतं.

ज्यांच्या घरी असं काही झालंय, त्यांनी लिहा. नाव घालून लिहायची हिंमत होत नसेल तर मला इनबॉक्स करा. आणि ज्यांना वाटतंय आमच्याकडे असलं काही नाही, त्यांनी आज रात्री फक्त एकदा खण मोजा.