जेरेमी क्लार्कसनचा बेधडकपणा आणि त्याची किंमत

मोटारीची परीक्षा घेणारा कार्यक्रम म्हणजे तसा रुक्ष मामला. इंजिन किती सीसीचे, लिटरला किती किलोमीटर धावते, डिकीत किती बॅगा मावतात, एवढी माहिती मिळाली की विषय संपला. बीबीसीचा ‘टॉप गिअर’ 1977 साली सुरू झाला तेव्हा साधारण अशाच वळणाचा होता. पुढे हाच कार्यक्रम जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्यांत अशीही माणसे होती, ज्यांच्या दारात मोटार नव्हती आणि येण्याची शक्यताही नव्हती. ही जादू मोटारींची नव्हती, बोलणाऱ्या माणसाची होती.

जेरेमी क्लार्कसन 1988 मध्ये या कार्यक्रमात आला. 2002 मध्ये निर्माता अँडी विल्मन आणि त्याने मिळून कार्यक्रमाची नव्याने मांडणी केली. रिचर्ड हॅमंड आणि पाठोपाठ जेम्स मे सोबतीला आले. सरे परगण्यातल्या डन्सफोल्डच्या जुन्या धावपट्टीवर गाड्या पळू लागल्या आणि बघता बघता तीन मध्यमवयीन इंग्रज मित्रांचे भांडण साऱ्या जगाच्या करमणुकीचा विषय झाले.

मी भाषा शिकवणारा माणूस. गिअरबॉक्समधले मला फारसे कळत नाही. पण एखादा माणूस बोलतो आणि लोक खिळून राहतात, याची कारणे शोधणे हा माझ्या पेशाचाच भाग आहे. क्लार्कसनच्या बाबतीत मला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण, तो वाईट वस्तूला वाईट म्हणत असे. ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे यूट्यूबवर नव्या गाडीचे रिव्ह्यू पाहा. दहा मिनिटे कौतुक आणि शेवटी ‘मागची सीट थोडी अरुंद वाटते’ एवढी भीत भीत केलेली तक्रार. कारण उघड आहे. चाचणीसाठी गाडी कंपनीच देते आणि पुढची गाडीही तिच्याकडूनच मिळवायची असते. बीबीसीचे ब्रिटनमधले प्रसारण मात्र जाहिरातींवर चालत नाही, ते प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते. मोटार कंपनी रागावली तरी जाहिरात काढून घेण्याची धमकी तिला देता येत नसे. क्लार्कसनच्या धाडसाचे श्रेय आपण त्याच्या स्वभावाला देतो. त्यातला मोठा वाटा लोकांच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थेचा होता, हे कुणी फारसे बोलत नाही.

दुसरे कारण, हे तिघे स्वतःवर हसत. स्वस्तातली जुनी खटारा गाडी घ्यायची, तिच्यावर भलतेसलते प्रयोग करायचे आणि भर रस्त्यात फजिती करून घ्यायची, हा त्यांचा ठरलेला खेळ होता. टोयोटाच्या एका जुन्या पिकअपला त्यांनी समुद्राच्या भरतीत सोडले, आग लावली, पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या माथ्यावर ठेवले. तरीही ती गाडी सुरू झाली. तिथे हरले ते निवेदक, जिंकली ती गाडी.

उर्दू वाचणाऱ्यांना इथे पतरस बुखारींची आठवण येईल. ‘मरहूम की याद में’ या त्यांच्या प्रसिद्ध लेखात एक खिळखिळी सायकल आहे. तिचा प्रत्येक भाग वेगळा आवाज करतो आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची पुरती शोभा होते. आपण पोट धरून हसतो, पण कुणाचाही अपमान होत नाही, कारण हसे होते ते सांगणाऱ्याचेच. उर्दूत या प्रांताला ‘तंज-ओ-मिजाह’ म्हणतात. मिजाह म्हणजे निर्मळ विनोद आणि तंज म्हणजे बोचरा उपहास. दोन्ही शब्द जोडीने येतात, पण जाणकार त्यांतला फरक विसरत नाहीत. मराठीतही थट्टा वेगळी आणि टवाळी वेगळी. तंज करायचा तर समोरचा तोलामोलाचा हवा, अशी एक अलिखित अट असते. बड्या मोटार कंपनीवर केलेला तंज या अटीत बसतो.

अडचण इथून पुढे सुरू होते. गाडीला आळशी म्हणणारी जीभ माणसांना आळशी म्हणू लागली. जानेवारी 2011 मध्ये मेक्सिकोच्या एका गाडीवर बोलता बोलता या तिघांनी मेक्सिकन लोकांनाच आळशी ठरवले. त्यांचा राजदूत टीव्हीपुढे घोरत पडलेला असेल, तो काय तक्रार करणार, असेही म्हणून झाले. राजदूताने तक्रार केली. बीबीसीला माफी मागावी लागली. पण राष्ट्रांच्या स्वभावावर विनोद करणे ही ब्रिटिश विनोदाची रीतच आहे, असे समर्थनही त्या माफीसोबत जोडलेले होते.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस भारतावरचा विशेष भाग दाखवला गेला. त्यात हे तिघे मुंबईत डबे पोचवायला निघतात. डबेवाले लोकल ट्रेनने आणि हे मोटारीने. मुंबईकराला निकाल आधीच ठाऊक असतो. हा प्रसंग मजेचा आहे, कारण हसे होते ते मोटारवाल्यांचे. पण त्याच भागात क्लार्कसन आपल्या जग्वारच्या डिकीत संडासाचे भांडे बसवून फिरतो. भारतात येणाऱ्याचे पोट बिघडतेच, म्हणून ही सोय, असा तो विनोद. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने याबद्दल नाराजी कळवली. देश आहे तसा दाखवणे वेगळे आणि अपमान करणे वेगळे, असे बीबीसीचे उत्तर आले. 2014 मध्ये ब्रह्मदेशातल्या भागात आशियाई माणसासाठी वापरला जाणारा एक हीन शब्द श्लेष म्हणून वापरला गेला. ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेने, ऑफकॉमने, तो नियमभंग ठरवला.

प्रेक्षक मात्र दोन्ही वेळा सारखाच हसला. मला हे महत्त्वाचे वाटते. गाड्यांबद्दल खरे बोलून जो विश्वास कमावला, तोच माणसांबद्दल बोलताना खर्च केला गेला. ‘हा खरे बोलतो’ अशी एकदा ख्याती झाली की त्याचा पूर्वग्रहही खरे बोलण्याच्या नावावर खपतो.

या ख्यातीची ताकद 2015 मध्ये दिसली. यॉर्कशायरमधल्या एका हॉटेलात दिवसभराच्या चित्रीकरणानंतर गरम जेवण मिळाले नाही, म्हणून क्लार्कसनने आपल्याच कार्यक्रमातल्या एका निर्मात्यावर हात उचलला आणि त्याला अर्वाच्य बोलला. चौकशी झाली आणि बीबीसीने त्याचा करार पुढे चालवला नाही. पण निर्णय होण्याआधीच त्याच्या बाजूने दहा लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या होत्या. त्या सह्या लष्करी रणगाड्यावरून बीबीसीच्या दारात नेण्यात आल्या. मार खाल्लेल्या माणसाला मात्र सोशल मीडियावर शिव्या मिळाल्या. पुढच्या वर्षी क्लार्कसनने माफी मागितली आणि भरपाई देऊन प्रकरण मिटवले. ‘कुणालाच न घाबरणारा’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याने हात उचलला तो हाताखालच्या माणसावर. चाहत्यांना यात विसंगती दिसली नाही.

हे सारे इंग्रजांचे घरगुती प्रकरण म्हणून सोडून देता आले असते. पण आमच्या उर्दू शाळेतली मुलेही मोबाइलवर हे तुकडे पाहतात. नववीतल्या एका मुलाच्या वडिलांचे टायर-पंक्चरचे दुकान आहे. इंग्रजी त्याला अर्धेच कळते, तरी तो मला म्हणाला, “सर, हा माणूस कुणाचीच पर्वा करत नाही.” त्याच्या डोळ्यांत कौतुक होते. मला त्याला सांगावेसे वाटले की ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या देशात कुणाला उद्देशून आणि कशा स्वरात वापरला जातो, ते तुलाही माहीत आहे. तो शब्द वापरणाराही आपण बेधडक बोलतो असेच समजतो आणि कुणी दुखावले तर ‘विनोद होता’ म्हणून मोकळा होतो. ज्या कामावर घर चालते त्याची शिवी होते, तेव्हा त्या घरातल्या मुलाने त्या हसण्यात सामील व्हायचे की बाहेर उभे राहायचे?

बेधडक बोलू नये, असे माझे म्हणणे नाही. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेताना गुळमुळीत भाषणांनी मीही वैतागतो. मत असावे, ते ठणकावून मांडावे. पण ते मांडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात, असे मी वर्गात सांगतो. आपण वस्तूबद्दल, धोरणाबद्दल, सत्तेबद्दल बोलतो आहोत की माणसांच्या अख्ख्या जमातीबद्दल? आणि ज्याच्याबद्दल बोलतो, त्याला उत्तर देण्याची जागा आहे का? टेस्लाला ‘टॉप गिअर’चे परीक्षण खोटे वाटले, तेव्हा ती कंपनी लंडनच्या न्यायालयात गेली. 2013 मध्ये अपिलातही हरली, पण तिला निदान न्यायालयाची पायरी चढता आली. टवाळी झालेल्या सामान्य माणसाकडे तेवढी सोय नसते.

गंमत अशी की 2021 पासून क्लार्कसन स्वतःच्या शेतीवर एक मालिका करतो आहे. त्यात ट्रॅक्टर त्याला नीट चालवता येत नाही, पिकाचे गणित चुकते आणि गावातला एक तरुण शेतकरी त्याला कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतो. ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांना ही मालिका आवडली, कारण त्यांचे कष्ट पहिल्यांदा इतक्या लोकांपर्यंत पोचले. माणूस तोच, जीभ तीच, फक्त हसण्याची दिशा स्वतःकडे वळली आहे. आमच्या मुलांनी त्याच्याकडून काही शिकायचेच असेल, तर ते हे शिकावे.