सुरी तपासली, हात नाही



मस्जिद स्टेशनाला उतरून मी रोज गोदीत जातो. नाव मशिदीवरून पडलं हे खरं, पण सांगतात ती मशीद मुसलमानांची नव्हे. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर 1796 साली स्थापन झालेलं ज्यूंचं प्रार्थनाघर आहे, शार हारहामीम. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणायचे. तेल गाळणारी माणसं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

शार हारहामीम म्हणजे दयेचं दार. या दारातून आत गेलेला माणूस दयाळू होऊन बाहेर येतो का? आला तर दिसतं का ते?

मला हे पडायचं कारण आमचा मुकादम. एकादशी मोडत नाही आणि हजेरीत खोटे खाडे मांडल्याशिवाय राहत नाही. त्याच्या देवाकडून मला काही नको. त्या देवाच्या पोथीत मी माणूस म्हणून नव्हतोच. ज्यूंच्या शास्त्रात मात्र मजूर आहे. रोजंदाराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असा हुकूम आहे. शब्बाथची सुट्टी मालकाबरोबर गड्याला, मोलकरणीला, बैलालासुद्धा. (गुलामगिरीही त्याच ग्रंथात आहे, हे विसरू नका.) मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली 1890 साली, तीही नारायण मेघाजी लोखंडे भांडले तेव्हा. म्हणजे यांनी कबूल केलंय. कबूल करणाऱ्याकडेच हिशेब मागता येतो.

तर हिशेब. अमेरिकेत आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचं गाव. तिथं अ‍ॅग्रिप्रोसेसर्स हा कोशर मांसाचा मोठा कारखाना होता. कोशर म्हणजे काय? सुरीला खाच चालत नाही, कापणारा नखावर धार फिरवून बघतो. मग जनावराचं फुफ्फुस तपासतात, डाग आहे का. इतकं सोवळं! आणि 12 मे 2008 ला सरकारची धाड पडली तेव्हा 389 कामगार धरले गेले, बहुतेक ग्वाटेमालाचे. कागदपत्रं खोटी म्हणून शेकडोंना तुरुंग. त्यांच्यात अल्पवयीन पोरंही होती. कारखान्याचा बडा व्यवस्थापक दाढीवाला, शब्बाथ पाळणारा. बालमजुरीच्या खटल्यातून तो सुटला, बँकेला फसवल्याबद्दल 27 वर्षांची शिक्षा झाली, ती 2017 साली राष्ट्राध्यक्षाने कमी केली. ग्वाटेमालाच्या पोरांना कोण राष्ट्राध्यक्ष?

सुरी तपासली, फुफ्फुस तपासलं. सुरी धरणाऱ्या मजुराचा हात कुणी तपासला नाही.

थांबा. एवढ्यावरून टाळ्या वाजवू नका. एका कारखान्यावरून साऱ्या ज्यूंना मोजणारा आणि एका चोरीवरून सारा महारवाडा मोजणारा पाटील, दोघे एकाच जातीचे. त्याच 2008 साली पोस्टव्हिलच्या रस्त्यावर कामगारांसाठी मोर्चा निघाला, त्यात ज्यू होते, रब्बी होते. न्यूयॉर्कच्या तरुण कर्मठ ज्यूंनी त्या मांसावर बहिष्कार पुकारला. पुढे कामगाराला नीट वागवणाऱ्या कोशर हॉटेलांना वेगळा शिक्का द्यायला लागले. त्यांनी बोट ठेवलं ते त्याच हुकमावर, सूर्य मावळायच्या आतल्या मजुरीच्या. मालकाचा आणि यांचा ग्रंथ एकच, शनिवार एकच.

आता घरचंच बघा. आपले शनवार तेली इस्रायलला गेले. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं, बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. पिढ्या तपासा! हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. 1964 मध्ये ही मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठं तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं म्हटलं. पण याच बेने इस्राएलांत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते, आणि गोरे काळ्यांशी लग्न लावत नसत. शनिवार दोघेही पाळायचे. हा रोग त्यांना कुठल्या मातीत लागला, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं मत असं: धर्माचार माणूस सुधारतो, हे मला तरी दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की मालकाच्या नाकासमोर धरायला काही धर्मांत एखादं वाक्य सापडतं. पण ते धरायला हात लागतो.

माझ्या चाळीत एकजण रोज सकाळी पंचशील म्हणतो आणि रात्री पावशेर मारून बायकोला बडवतो. त्याच्यावर पुढच्या अंकात लिहिणार आहे. कुणाला राग येणार असेल तर पत्ता मलपृष्ठावर आहे, आधीच कळवावं.