पायवाट सोडायची नाही
परवा स्वित्झर्लंडहून भाचीने मार्मोटचा फोटो पाठवला. दगडावर मागच्या पायांवर उभा, पंजे पोटाशी, पिवळे दात बाहेर. ‘झूम करून घेतलाय मामा, जवळ जायला बंदी आहे.’ फोटो एंगाडिनमधल्या राष्ट्रीय उद्यानातला. हे उद्यान १९१४ सालचं, आल्प्समधलं सर्वांत जुनं. आखलेली पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रा साखळीला बांधूनही आणायचा नाही, उन्मळून पडलेलं झाडसुद्धा तिथेच कुजू द्यायचं. मला हे शंभर टक्के पटतं. आल्प्समधून नामशेष झालेल्या दाढीवाल्या गिधाडाची पिल्लं १९९१ पासून इथे सोडली गेली, ती उगाच नाही. तेव्हा मंडळी, गेलात तर दुर्बीण न्या आणि वाटेवरच निवांत बसा. मार्मोटची शीळ तिथूनही स्पष्ट ऐकू येते.