क्युसेक म्हणजे आपल्या दारात किती पाणी?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. रात्री मामूंचा फोन आला. माझं आजोळ परंडा तालुक्यात, सीनेच्या काठी. धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. मामूंनी विचारलं, "बेटा, तू इंजिनिअर आहेस. इतके हजार क्युसेक म्हणजे पाणी आपल्या दारात येतं की नाही, एवढंच सांग."

मला सांगता आलं नाही. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर दर सेकंदाला जवळजवळ तीन. हे गणित मला येत होतं. पण तेवढं पाणी मामूंच्या गल्लीत कोणत्या पायरीपर्यंत चढतं, हे माझ्या फोनमधल्या एकाही ॲपला माहीत नव्हतं. मी नुसतं "निघा" म्हटलं. माणसं उंचावरच्या शाळेत गेली आणि वाचली. शेळ्या गोठ्यात बांधलेल्याच राहिल्या.

आपण दुष्काळी जिल्ह्याची माणसं. टँकर, चारा छावणी, ऊसतोड हे शब्द आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. पूर म्हटलं की कोल्हापूर-सांगली आठवते. पण अलीकडची वर्षं जरा ओळीनं लावून बघा. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तुळजापूर, लोहारा, उमरगा भागात काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं त्याच मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले आणि कळंब तालुक्यात नदीकाठी बचाव पथकं उतरवावी लागली. मग सप्टेंबर २०२५ : परंडा, भूम परिसरात एनडीआरएफ, हेलिकॉप्टर, आणि पाणी ओसरल्यावर मातीच उरली नाही अशी शेतं. सहा पावसाळ्यांत तीन मोठे फटके. याला अपवाद कसं म्हणायचं?

दुष्काळ आणि पूर इथं एकमेकांत गुंतलेले आहेत. उन्हाळ्याच्या धास्तीनं धरण भरून ठेवावंसं वाटतं, आणि ते चूकही नाही. पण सप्टेंबरात भरलेल्या धरणात परतीचा पाऊस मावायला जागा नसते. आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. खाली काय असतं? वर्षानुवर्षं कोरडा पाहिला म्हणून बुजवलेला ओढा, पात्रापर्यंत सरकलेली घरं आणि काट्याकुट्यांनी तुंबलेला नळकांडी पूल.

नळदुर्गचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदी अडवून तिथं बंधारा आणि पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे पाहायला आपण जातो, सेल्फी काढतो. ते धबधबे म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेली वाट. पाणी अडवायचं तर त्याला जायला रस्ताही द्यायचा, हे बांधणाऱ्यांना चारशे वर्षांपूर्वी कळत होतं. आपण गावात प्लॉट पाडताना ते विसरलो.

सरकारी भाषेत निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गावातल्या ओढ्याकाठी मात्र अशी रेषा क्वचितच आखलेली सापडते. मग ती आपणच का आखू नये?

पूर आला की आपली पोरं धावतात. रेशन किट, चादरी, जेवणाची पातेली. कुणाचा धर्म न विचारता. याचा मला अभिमान आहे. पण पुराच्या आधीचं काम स्वस्त असतं आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून ते मागे पडतं.

काम एवढंच आहे. मृग लागायच्या आत गावातल्या बुजुर्गांना घेऊन फिरा. २०२५ चं पाणी कुठवर आलं होतं, त्याआधी कुठवर, ते विचारा. शाळेची भिंत, पुलाचा खांब, मशिदीची पायरी, मारुतीच्या देवळाचा ओटा, जिथं खूण मिळेल तिथं परवानगी घेऊन तेलरंगानं रेघ मारा आणि तारीख लिहा. त्या वेळी वरच्या धरणातून किती विसर्ग होता, तो आकडा पाटबंधारे कार्यालयाकडून मागून घ्या आणि रेघेशेजारी लिहा. मधल्या ओढ्यांचं पाणीही त्यात मिसळतं, त्यामुळे हिशेब काटेकोर असणार नाही. अंदाज मात्र मिळेल. पुढच्या वेळी मेसेज आला की मामूंना कुणाला फोन करावा लागणार नाही. रात्री दोन वाजता फोन सायलेंट असतात, म्हणून मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून कोण पुकारणार, हेही आधीच ठरवा. आणि म्हातारी माणसं, बाळंतीण, जनावरं आधी कुणी हलवायची, तेही.

एक नोंद आणखी ठेवा. खरडून गेलेल्या जमिनीसाठी गेल्या वर्षी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख जाहीर झाले, पण त्यासाठी सातबारा लागतो. बटईनं कसणाऱ्याकडे तो नसतो. शेळीमागे ४ हजारांची तरतूद होती, पण वाहून गेलेली शेळी पंचनाम्यात दाखवायची कुठून? ज्यांचं पोट शेळ्यांवर, हातगाडीवर, शिलाई मशीनवर चालतं, त्यांच्या वस्तूंचे तारखेसह फोटो आत्ताच काढून ठेवा. हे तुमच्या फोनवर एका दुपारचं काम आहे.

मी येत्या सुट्टीत रंगाचा डबा घेऊन आजोळी जाणार आहे. मामूंनी पायरी दाखवायचं कबूल केलंय. शेळ्यांचा गोठा कुठं हलवायचा, ते त्या रेघेवरून ठरेल.