माणकांची कंपनी कृत्रिम माणकामुळे बुडाली? कालक्रम वेगळे सांगतो

१/ ब्रह्मदेशातील मोगोकच्या खाणी चालवणाऱ्या 'बर्मा रुबी माइन्स' या ब्रिटिश कंपनीविषयी एक विधान हमखास ऐकू येते : धंदा उत्तम चालला होता, पण कृत्रिम माणके आली आणि कंपनी बुडाली. विधान सोयीचे आहे; कालक्रमापुढे ते टिकत नाही.

२/ १८८५ च्या युद्धात थिबा राजाचे राज्य गेले आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्या काळी ठरावीक मोलापेक्षा मोठे माणिक राजाचे मानले जाई. आता त्या खाणींवर लंडनची नजर होती.

३/ १८८९ मध्ये रॉथ्सचाइल्ड घराण्याच्या पाठबळाने कंपनी उभी राहिली. तिच्या भागांसाठी लंडनमध्ये झुंबड उडाली. सरकारशी करार असा : दरसाल ४ लाख रुपये खंड, शिवाय नफ्यात वाटा. एकही खडा हाती येण्याआधीच खर्चाचा आकडा पक्का झाला होता.

४/ बेत होता डोंगरातील मूळ खडक फोडून माणके काढण्याचा. तो फसला. माणके मिळत ती दरीत साचलेल्या, 'ब्योन' नावाच्या खडीमातीत. स्थानिक लोक लहान विहिरी खणून हेच पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. कंपनीही अखेर माती धुण्याकडे वळली, पण अवजड यंत्रे घेऊन.

५/ मग पाण्याशी झुंज सुरू झाली. पंप आले, जलविद्युत केंद्र आले. खंड झेपेना, तेव्हा सरकारला तो कमी करावा लागला. हे सारे १८९० च्या दशकातले. वेर्नुईने आपली कृत्रिम माणकाची पद्धत जाहीर केली १९०२ मध्ये! परिणाम आधी आणि कारण मागाहून, असा इतिहास कोणी लिहावा?

६/ खरी चूक हिशेबाची होती. कोळशाचा प्रत्येक टन विकला जातो. माणकाच्या खाणीत टनावारी माती धुऊन बहुतेक बारीक, हलके खडे मिळतात. एखादे मोठे माणिकच वर्ष तारून नेते. यंत्रांनी धुतलेली माती वाढते, खर्चही ठरल्याप्रमाणे वाढतो. ते मोठे माणिक कोणत्या वर्षी सापडेल, हे कोणतेही माहितीपत्रक सांगू शकत नाही. उलट, स्थानिक खाणकऱ्याचा खर्च इतका थोडा की तो वाट पाहू शके. त्याच्याकडून घेतलेल्या परवाना शुल्कावर कंपनीलाही विसंबावे लागले, यातच सारे आले.

७/ कृत्रिम माणकाने काहीच बिघडवले नाही, असे माझे म्हणणे नाही. १९०८ मध्ये त्याच्या धास्तीने बाजार कोसळला, हे खरेच. पण तो धक्का मुळातच खचलेल्या भिंतीला बसला. १९२५ मध्ये कंपनी विसर्जनास निघाली. १९३१ मध्ये तिने खाणपट्टा परत केला.

८/ हा वाद केवळ सनावळीचा नाही. 'नशीब फिरले' म्हटले की योजना आखणारे सुटतात आणि ज्यांना आपली जमीन ठाऊक होती, ते गोष्टीतून गळून पडतात. कंपनी गेल्यावर मोगोकच्या लोकांनी पुन्हा आपल्या विहिरी खणल्या. कंपनीच्या खोदकामाच्या जागी आज तळे आहे.