हिस्लॉपचा दिवस आणि आपला

आफ्रिकेत जाऊन काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय आपल्या बैठकांत निघाला की चर्चा फार लवकर पैशावर येते. परदेशांतून निधी किती येतो, तो कोणत्या मार्गाने खर्च होतो, हे प्रश्न मुळीच गैर नाहीत. परंतु घरदार सोडून तेथे गेलेल्या माणसाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत कसा जातो, हे जाणून घेण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. निधीचा हिशेब दुसऱ्याकडे मागता येतो. दिवसाचा हिशेब मागू लागलो तर तो आपल्यालाही द्यावा लागेल, ही अडचण त्यामागे असावी.

रॉबर्ट मोफॅट हा स्कॉटलंडचा तरुण पेशाने माळी होता. १८१७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि पुढे कुरुमान या ठाण्यावर त्याने चार दशकांहून अधिक काळ काढला. पाण्याचे पाट काढणे, भाजीपाला पिकवणे, लोहारकाम, सुतारकाम आणि छापखान्यात खिळे जुळवणे, अशी त्याची दिनचर्या. स्थानिक त्सवाना भाषेत छापील वाङ्मय नव्हते. ती भाषा लोकांत राहून शिकून त्याने १८५७ पर्यंत संपूर्ण बायबल तीत छापून काढले. कुरुमानला पहिले बाप्तिस्मे होण्यास १८२९ साल उजाडावे लागले. एवढी वर्षे पदरात काही पडत नसताना हा मनुष्य पाट खणत राहिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याची कन्या मेरी हिचा विवाह १८४५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनशी झाला आणि १८६२ मध्ये झांबेझीच्या काठी तापाने तिचा अंत झाला.

कुरुमान दूर आहे. आमच्या विदर्भातील वाचकांना इतके लांब जाण्याचे कारण नाही. मेरीच्या विवाहाच्या त्याच १८४५ साली रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हा दुसरा स्कॉटिश तरुण नागपूर प्रांती येऊन दाखल झाला. मद्रास फौजेतील एका अधिकाऱ्याच्या देणगीतून हे मिशन उभे राहिले आणि कामठी हे त्याचे आरंभीचे ठाणे होते. कन्हानच्या काठची ही छावणी १८२१ पासूनची. नागपूरवर तेव्हा भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीत मद्रासी पलटणी होत्या, त्यामुळे बाजारात मराठी, हिंदुस्थानी, तामीळ, तेलुगू अशा सर्व भाषा कानांवर पडत. या गजबजाटात हिस्लॉप मराठी शिकला. मुलांची शाळा, बाजारातील प्रवचन, छावणीतील गोऱ्यांची उपासना आणि हिवाळा लागला की खेड्यापाड्यांचे दौरे, असे त्याचे वर्ष जाई. दौऱ्यांत तो दगडही न्याहाळी. नागपूरच्या आसपास त्याने व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने गोळा केलेल्या जीवाश्मांमुळे या भूमीचा भूशास्त्रीय इतिहास जगासमोर आला; टाकळीला सापडलेल्या एका हिरवट खनिजाला 'हिस्लोपाइट' हे नावही मिळाले. ही हौस धर्मप्रसाराच्या कामी येणारी नव्हती. ज्या भूमीत राहायचे तिचा दगडही ओळखीचा असावा, एवढाच तिचा अर्थ.

४ सप्टेंबर १८६३ रोजी तो मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेला होता. सायंकाळी बोरीच्या मुक्कामाकडे एकटाच घोड्यावरून परतत असता पुराने फुगलेला नाला ओलांडताना तो वाहून गेला. त्याच्या मागे राहिलेले कागद टेंपलने १८६६ मध्ये नागपुरात प्रसिद्ध केले. त्यांत मध्य प्रांतातील वनवासींविषयीच्या टिपणांबरोबर गोंडांची लिंगोगाथा मूळ गोंडीत, शब्दशः भाषांतरासह आहे.

येथे प्रत्येक वाचकाने क्षणभर थांबावे. नागपूरवर शतकभर मराठ्यांचे राज्य होते, त्यापूर्वी तर गोंड राजेच येथे नांदले. दरबारात शास्त्री होते, कवी होते. तरी गोंडांचा कुलपुरुष लिंगो याची गाथा कागदावर उतरवून घेण्याचे आपल्यापैकी कोणाला सुचले नाही. ते काम त्या लोकांची श्रद्धा बदलू पाहणाऱ्या परक्याच्या हातून झाले.

त्याच्या हेतूविषयी आमचा मतभेद होता आणि आहे. ज्याची गाथा जपायची त्यालाच तिच्यापासून तोडायचे, ही विसंगती हिस्लॉपच्या कार्यात आहे आणि मोफॅटच्याही. सेवेला धर्मांतराची अट जोडली की सेवेचा व्यवहार होतो. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल या प्रश्नावर आजही वाचनीय आहे. मात्र अहवाल कपाटात ठेवून वर्षातून एकदा संतप्त भाषण करणे म्हणजे उत्तर नव्हे. जो बांधव दुसऱ्या पंथात गेला तो शत्रू झाला असे समजणे तर उत्तर नव्हेच. तो आजही त्याच गावच्या विहिरीचे पाणी पितो.

उत्तर देणारे आपल्यात झाले. बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला कल्याण आश्रमाचा आरंभ केला, तो तेथेच राहून. हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा आत्मसात करून रुग्णसेवा केली. तेथे कोणाला देव बदलावा लागला नाही. आफ्रिकेतही नैरोबीत १९४७ च्या मकरसंक्रांतीला भारतीय स्वयंसेवक संघाचे काम सुरू झाले. परंतु पूर्व आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाची स्वाहिली बव्हंशी दुकानाच्या गल्ल्यापुरती राहिली, हे कटू असले तरी नोंदवले पाहिजे. मोफॅट त्सवानात लिहू लागला, आपण तेथील भाषांत भाव सांगू लागलो.

मध्यमवर्गीय घरांत आज देणगी सहज निघते, वेळ निघत नाही. मुलगा वर्षभर वनवासी भागात राहतो म्हणाला की आईच्या डोळ्यांत पाणी येते आणि वडील करिअरचा विषय काढतात. त्यांची काळजी खोटी नाही. परंतु जाऊ इच्छिणाऱ्याने निदान भाषा तरी शिकून जावे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळजवळ ३० लक्ष लोक आहेत, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान मिळालेले नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. कामठीहून तेथे पोहोचण्यास एक दिवस पुरतो.