नोंद सर्वांची, सांभाळ कोणाचा?

ग्रंथालयातील तालिकापत्र ही दिसायला किरकोळ वस्तू. परंतु वाचकाची अर्धी वाट तेच चालत असे. ‘विशाखा’चा कवी ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली शोधणाऱ्याला ‘शिरवाडकर, वि. वा. पाहा’ असा निर्देश मिळाला, की त्याचे काम भागे. मात्र हा ‘पाहा’ त्या एका ग्रंथालयाच्या भिंतींपुरता असे. त्याच लेखकाचे पत्र एखाद्या दप्तरखान्यात वा छायाचित्र एखाद्या वस्तुसंग्रहालयात असले, तरी त्या तालिकेला त्याची गंधवार्ता नसे.

या भिंती पाडण्याचा उद्योग जगभरचे ग्रंथपाल, अभिलेखपाल आणि संग्रहालयतज्ज्ञ करीत आहेत. ‘लिंक्ड ओपन डेटा’, म्हणजेच परस्परांशी जोडलेली खुली माहिती, हे त्याचे नाव. त्याची सूत्रे टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये मांडली. प्रत्येक व्यक्तीला, ग्रंथाला, स्थळाला इंटरनेटवर एक कायमचा पत्ता द्यावयाचा आणि ‘या ग्रंथाचा लेखक ही व्यक्ती’ अशा त्रिपदी विधानाने ते पत्ते जोडावयाचे. मग नाव खरे असो वा टोपण, देवनागरीत असो वा रोमन लिपीत, व्यक्ती एकच हे संगणकालाही उमगते. मराठीला याचे महत्त्व आहेच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले, आणि तेथून परदेशी गेलेले मराठी ग्रंथ तिकडच्या तालिकांत रोमन लिपीत नोंदले गेले.

स्वीडनने आपली राष्ट्रीय संयुक्त तालिका २००८ मध्ये या पद्धतीने खुली केली. २००९ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली विषयशीर्षके दिली. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे या क्षेत्रातील मंडळी प्रथम एकत्र जमली. पुढे माँट्रियल, सिडनी व व्हेनिस येथे मेळावे झाले. पहिल्याच मेळाव्यात चर्चिला गेलेला मुद्दा यंत्राचा नव्हता, हक्काचा होता: नोंद वापरण्यावर बंधने किती असावीत? जितकी बंधने कमी, तितकी श्रेणी वरची, असा आराखडा तेथे पुढे आला.

हा प्रश्न पोकळ नव्हता. ग्रंथालयांच्या सहकारातून उभ्या राहिलेल्या ओसीएलसी या संस्थेने २००८ मध्ये सामायिक तालिकेतील नोंदींच्या वापरावर नवे निर्बंध सुचविले, तेव्हा ग्रंथपालांनी विरोध केला आणि २००९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. उलट, २०१२ मध्ये युरोपियानाने दोन कोटींहून अधिक वस्तूंच्या नोंदी निर्बंधमुक्त केल्या. जे वर्णन लोकांच्या पैशातून तयार झाले ते लोकांना परत मिळावे, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. आदिवासी समाजांच्या पवित्र वस्तू वा खाजगी कागदपत्रे यांना अपवाद हवा, हे रास्तच; परंतु अपवादाच्या आडून सर्वच कपाटांना कुलूप लावणे समर्थनीय नव्हे.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रंथसूची याच पद्धतीने खुली केली होती. पण ऑक्टोबर २०२३ मधील संगणकीय हल्ल्यानंतर तिची मुख्य तालिका जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना मिळू शकली नाही. एवढ्या मातब्बर संस्थेची ही स्थिती, तर लहानांची काय कथा? शिवाय एक पत्ता नाहीसा झाला, की त्याला जोडलेल्या शेकडो नोंदी आंधळ्या होतात. ‘कायमचा पत्ता’ हा यंत्राचा गुण नसून संस्थेने दिलेला शब्द आहे.

तो शब्द अनुदानाच्या दोन-तीन वर्षांच्या योजनेवर पाळला जाणार नाही. उद्घाटनाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, हा सार्वत्रिक अनुभव. जसा ग्रंथपालाचा पगार आणि छपराची डागडुजी वार्षिक अंदाजपत्रकात असते, तसेच या दुव्यांच्या जपणुकीसाठी कायम पद आणि कायम तरतूद हवी. नोंद खुली करणे हे औदार्य आहे. ती खुली ठेवणे हे कर्तव्य आहे. तेवढे कर्तव्य पत्करले नाही, तर उद्याच्या वाचकाला ‘पाहा’ हा निर्देश मिळेल, पण पाहण्यासारखे तेथे काही उरलेले नसेल.